डबी वाजू नये म्हणून: मामासोबत चार दिवस, सांगली

दिवस पहिला

मामाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "पोरी, एसटीची पाटी दिसंना झालीया. मोतीबिंदू हाय म्हणत्यात. सांगलीला जायचंय गोळ्यांला, येतीस का बरोबर?" येते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, गावात भावकीची तीन घरं आहेत, शेजारच्या पोराची स्वतःची गाडी आहे, मग दोनशे किलोमीटरवरच्या भाचीलाच का बोलावलं असेल. याचं उत्तर मला चार दिवसांत हळूहळू मिळत गेलं, तसं थोडंफार आधीच माहीत होतं म्हणा.

माहीत काय होतं, तर मामाला एचआयव्ही आहे. आईने दोन वर्षांपूर्वी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, खाली बघून. मामाला माहीत होतं की मला माहीत आहे, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो.

स्वारगेटहून विट्याची गाडी, साताऱ्यात चहा, कराडला अर्धा तास उगाच, मग कडेगाव. बायकांना अर्धं तिकीट असल्याने मी एकदम श्रीमंत असल्यासारखी खिडकीत बसलेले. विट्याच्या पुढे मामाचं गाव. या भागातली माणसं सगळ्या देशात गलाईला जातात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळ, तमिळनाडू, बंगाल, दिल्ली, जिथे सराफ बाजार तिथे खानापूर-आटपाडीचा एक तरी माणूस भट्टी पेटवून बसलेला असतो. गावात म्हणून मोठमोठे बंगले आणि बंगल्यांना कुलपं. यात्रेला मात्र गल्लीत सगळ्या राज्यांच्या नंबर प्लेटा. मामा सोळाव्या वर्षी कोइमतूरला गेला आणि पंचवीस वर्षांनी परत आला, अजून शिंक आली की तमिळमध्ये काहीतरी पुटपुटतो.

मामा दिसायला खूप म्हातारा वाटतो, साठीच आलीय पण गाल आत गेलेले, हातापायांवर शिरांच्या दोऱ्या. गावाला वाटतं भट्टीवरच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुराने झालं. मामाने कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. तेजाबाचा धूर फुप्फुसाला वाईट असतोच, त्यामुळे टीबी झाला तोही त्याच खात्यात गेला.

रात्री नऊला मोबाईलवर गजर झाला. चुलतमामी तेव्हा बसायला आलेली, टीव्ही चालू. मामा उठला, टीव्हीचा आवाज वाढवला, "लाईट जातीया का बघतो" म्हणत आतल्या खोलीत गेला, पाण्याच्या तांब्याचा आवाज, परत आला, टीव्हीचा आवाज कमी केला. दीड मिनिट. चुलतमामीने सिरीयलवरून मान पण वळवली नाही. रोज रात्री नऊला एक गोळी, एकाच गोळीत तीन औषधं, टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर. गोळ्या मिळतात त्या सेंटरवर हिला नुसतं टीएलडी म्हणतात, मामा "नऊची" म्हणतो.

दिवस दुसरा

पहाटे पाचला उठवलं. मामाची पिशवी आदल्या रात्रीच भरलेली, रिकाम्या डब्या, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं, वर टॉवेल, टॉवेलवर आधार कार्डाची झेरॉक्स. कोणी पिशवीत डोकावलं तर आधार कार्ड दिसावं अशी रचना.

विटा स्टँडवर मला एक शहाणपण सुचलं. मी आधी वाचून ठेवलेलं की एचआयव्ही असलेल्यांना एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवास असतो. मामाला म्हटलं तू पास का काढत नाहीस, वर्षाला किती पैसे वाचतील. मामा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला चौकात कपडे काढून उभं राहायला सांगितलंय.

"पास कंडक्टरला दावायचा ना?"

"हो."

"ह्यो कंडक्टर कुठला हाय ठावं हाय का तुला? लेंगऱ्याचा. आमच्या गुरवाचा जावई."

मामाने फुल तिकीट काढलं, मी हाफ. मी गप्प.

विटा ते सांगली तासगाववरून. फेब्रुवारी संपत आलेला, तासगावच्या पुढेमागे सगळीकडे बेदाण्याची शेडं, हिरव्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली आणि गाडीत आंबूस गोड वास. ज्या माळावर लहानपणी आम्हाला बाभळीशिवाय काही दिसायचं नाही तिथे टेंभू योजनेच्या पाण्याने ऊस उभा. मामा सगळी गावं वासावरून ओळखत होता, डोळे मिटून "कवलापूर आलं" म्हणाला आणि खरंच आलेलं.

वाटेत कळलं की आता घराजवळ, तालुक्याच्या पातळीवर पण गोळ्या मिळायची सोय झालीय, लिंक सेंटर म्हणतात. मुख्य सेंटरला नाव असतं पण महिन्याच्या गोळ्या जवळून घ्यायच्या. सेंटरच्या मॅडम दर वेळी मामाला म्हणतात, काका ट्रान्सफर करून घ्या, कशाला साठ किलोमीटर येताय. मी पण तेच म्हणाले असते. आपण पुण्यात बसून ज्या चर्चा करतो त्यात एकच मुद्दा असतो ना, दवाखाना लांब, डॉक्टर लांब, जवळ आणा. मामाचं म्हणणं उलटं. "जवळच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा कोण? माझ्या बरुबर शाळंत व्हता. सांगलीत मला कुत्रं वळखत न्हाय." लांब असणं हीच त्याची सोय. यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

सांगली सिव्हिलमधलं एआरटी सेंटर, एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांचा उपचार. मला वाटलेलं भयाण काहीतरी असेल, तसं काही नव्हतं, बाकडी, पंखा, भिंतीवर लाल रिबीन आणि 1097 हेल्पलाइनचं पोस्टर, आणि लोक म्हणजे अगदी आपल्या एसटीत असतात ते लोक. शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी वही काढून गृहपाठ करत होती. बाळ घेतलेली एक बाई. ट्रकवाले दोघं. मी उगाच प्रत्येकाकडे बघून "हाही?" असं मनात म्हणत होते आणि मग लक्षात आलं की तेही माझ्याकडे तसंच बघतायत. एकीने तर विचारलंच, "कितव्या वर्षापासनं खातीस?" मी "नाही मी नाही, मी मामासोबत" असं इतक्या घाईत म्हणाले की ती हसली. त्या घाईची लाज दिवसभर गेली नाही.

ती बाई गोकुळनगरची. मामाची जुनी ओळख, बाकड्यावरची. मामा तिला अक्का म्हणतो आणि ती मामाला "मद्रासी". 2008 ला मामा कोइमतूरहून कार्ड ट्रान्सफर करून इथे आला तेव्हा कोणाशी बोलायचा नाही, तेव्हा हिनेच त्याला सांगितलं की गोळ्यांच्या डबीत कापूस भरायचा म्हणजे वाजत नाही. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी, चाललं की खुळखुळ्यासारखी वाजते, आणि गावात कोणाच्या पिशवीत काय वाजतं ते सगळ्यांना कळतं. मामा आजही सेंटरच्या बाहेर आला की आधी खिशातून कापूस काढतो.

अक्का स्वतः मात्र कापूस भरत नाही. "माझं काय जायचंय? मला सगळी आधीच वळखत्यात." हे तिने इतकं सहज म्हटलं. सांगलीत 1992 पासून संग्राम नावाची संस्था काम करते, मीना सेषू यांनी सुरू केलेली, आणि त्यातूनच पुढे धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्या काळात डॉक्टर पेशंटला हात लावत नव्हते त्या काळात या बायका एकमेकींना निरोध वाटत होत्या, गिऱ्हाईकाला कसं पटवायचं ते शिकवत होत्या. 2005 मध्ये अमेरिकन सरकारच्या मदतीसोबत वेश्याव्यवसायाच्या विरोधात लिहून देण्याची अट आली तेव्हा संस्थेने ती मदतच सोडली. मला हे सगळं आधी वाचून माहीत होतं, पण अक्कासमोर ते वाचलेलं मी बोलले नाही, ती मामाला त्याच्या दाढेबद्दल रागावत होती. "दोन म्हयनं झालं दुकतीया म्हणतोयास, दाखव की रं."

आत गोळ्या मोजतात. म्हणजे उरलेल्या किती आणल्या त्यावरून किती चुकल्या ते कळतं. मामाच्या कधीच चुकत नाहीत. पण त्याच्याकडे घरी साठलेल्या अकरा जास्तीच्या आहेत हे मला आणि आता तुम्हालाच माहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, सांगलीचे रस्ते बंद, नेमकी मामाची तारीख त्याच आठवड्यात. कधी लवकर तारखेला जाऊन, कधी आणखी कसं करून त्याने बारा दिवसांच्या गोळ्या मागे ठेवलेल्या होत्या, त्यावर निभावलं. एक गोळी उरली ती त्याने पुढे वाढवत वाढवत अकरावर आणली. सरकारी कागदावर हे बसणार नाही, पण ज्याने गोळ्या नसलेले दिवस बघितलेत तो साठवणारच.

वर्षाचं व्हायरल लोडचं रक्त दिलं. गेल्या वर्षीचा रिपोर्ट टीएनडी, म्हणजे रक्तात विषाणू मशीनला सापडतच नाही इतका कमी. फायदा नुसता स्वतःच्या शरीराला नाही, असा रिपोर्ट टिकला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागणसुद्धा होत नाही. काउन्सेलर मॅडमनी मामाला हे पुन्हा समजावलं, मामाने मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाला, "हे मला 2002 ला सांगाय पायजे व्हतं कुणीतरी." तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं, पण मी काही बोलले नाही.

संध्याकाळी भडंग घेतलं, दोन किलो. मामा सांगलीला येतो ते भडंग आणायला, असं गावात पसरलेलं आहे, आणि डब्या भडंगाच्या पाकिटांच्या मध्ये जातात. लॉजवर बसून एक पाकीट फोडलं, तिसऱ्या घासाला मामाने शेंगदाणा चावला आणि गाल धरून खाली बसला. रात्रभर झोप नाही, त्याला पण आणि मला पण.

दिवस तिसरा

या दिवशीची चूक माझी. सकाळी आम्ही दाताच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो, चकाचक, एसी, मासे ठेवलेली काचेची पेटी. रिसेप्शनच्या मुलीने फॉर्म दिला, मामाला दिसत नाही म्हणून मी भरला. इतर काही आजार आहे का? मी लिहिलं, एचआयव्ही, उपचार चालू, व्हायरल लोड टीएनडी. मला तर वाटलं मी किती जबाबदार, टीएनडी पण लिहिलं.

पाच मिनिटांनी मुलगी बाहेर आली. मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात फोन करून या. आमच्या मागून आलेल्या बाईंना आत घेतलं. मी उठून म्हणाले मशीन तर चालतंय की, आवाज येतोय. ती मुलगी रडवेली झाली, तिचा काय दोष, आणि मामा माझा दंड धरून म्हणाला "चल पोरी, चल."

रस्त्यावर मी तावातावाने कायदा सांगायला लागले. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू, उपचार नाकारता येत नाहीत, तक्रार करता येते. मामा ऐकत होता, गालाला रुमाल लावून. मग म्हणाला, "तक्रारीवर नाव कुणाचं घालायचं?"

आणि थोड्या वेळाने, "तू लिव्हलंस कशाला?"

मी रिक्षात रडले थोडी. मामाने पेनकिलर घेतली आणि म्हणाला, हरिपूरला जाऊ.

हरिपूर सांगलीला चिकटूनच, चिंचेच्या झाडांचा जुना रस्ता, पुढे कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वर. इथली हळदीची पेवं प्रसिद्ध, जमिनीत खणलेली खोल कोठारं, वर तोंड अरुंद, हळद वर्षानुवर्षं आत टिकायची. 2005 च्या पुराने बरीच गेली. मामाला पेवांचं फार कौतुक, वस्तू जमिनीखाली कशी निगुतीने राहते वगैरे. मग घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. त्याचे पाय सारखे झिणझिणतात म्हणून तो पाण्यात पाय सोडून बसतो. ते झिणझिणणं आणि गाल बसणं दोन्ही पहिल्या गोळीचं देणं आहे, स्टॅव्ह्युडिन. स्वस्त म्हणून गरीब देशांत तीच चालायची, श्रीमंत देशांनी कधीच सोडलेली, जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सांगितलं की बंद करत आणा. जीव तिनेच वाचवला, चेहरा पण तिनेच नेला. 

तिथे त्याने मामीचं सांगितलं. माझ्या आठवणीत मामी म्हणजे लाल नऊवारी आणि तिळाचे लाडू, मी शाळेत असताना टीबीने गेली एवढंच.

मामा हिशेबाचा माणूस आहे, गलाईवाला, सगळं तोळ्यात सांगतो. 2002 मध्ये दोघांचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. (मुलगी निगेटिव्ह, ती बिचारी नशिबाने.) सरकारी दवाखान्यात तेव्हा या गोळ्या नव्हत्या, बाहेर घ्यायच्या तर एका माणसाला महिन्याला दीड हजाराच्या आसपास. सोनं तेव्हा तोळ्याला साडेपाच हजाराच्या जवळ. म्हणजे एका माणसाला जगवायला वर्षाला तीन तोळे. दोघांना सहा. घरात होते सगळे मिळून सात. म्हणजे दोघांनी खाल्लं तर जेमतेम वर्षभर, एकाने खाल्लं तर दोन वर्षांच्या वर.

"ती म्हणाली तुमी खावा, तुमी कमावतासा. मी न्हाय म्हणलो असतो. पर न्हाय म्हणलो नाही बघ."

मामीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या. त्या त्याने स्वतःच्या भट्टीत, स्वतःच्या मुशीत गाळल्या, कारण गाळून शुद्ध करून विकलं तर भाव नीट मिळतो. "लगीन झालं तवाच्या व्हत्या. इरघळाया येळ लागत न्हाय सोन्याला." एवढं म्हणून बराच वेळ पाण्यात पाय हलवत राहिला.

मामी 2003 च्या दिवाळीत गेली. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने मोफत गोळ्या सुरू केल्या, सुरुवातीला देशभरात आठ सरकारी रुग्णालयांत, त्यातलं एक चेन्नईजवळचं तांबरम. मामा कोइमतूरहून रात्रीच्या गाडीने तिथे जायला लागला. पाच महिने. मी मनात मोजले, त्याने मोठ्याने मोजले नाहीत पण बोटं हलत होती.

मला राग कशाचा आला सांगते. या गोळ्या परदेशातून यायच्या होत्या का? नाही. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्ला या आपल्याच औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी जगाला सांगितलं की तीन औषधांचा हा उपचार आम्ही डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला माणसामागे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ, जेव्हा मोठ्या परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत लाखो माणसं आपल्याकडच्या जेनेरिक गोळ्यांवर जगली, ही अभिमानाची गोष्ट आहेच, मी पण सांगते लोकांना. पण 350 डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण सोळा हजार रुपये, आणि तेवढे ज्या घरात एकाच माणसापुरते होते ते घर विट्याच्या पुढे होतं. आणि फुकट सुरू झाल्यावरही लगेच सगळ्यांना नाही, सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, 200 च्या खाली गेल्यावरच गोळी, म्हणजे माणूस पुरेसा आजारी पडेपर्यंत थांब. मग 350, मग 500, आणि 2017 पासून तपासणी पॉझिटिव्ह आली की सरळ उपचार. एवढ्या आकड्यांच्या पायऱ्या चढायला तेरा वर्षं लागली.

मामाला यातलं काहीच सांगितलं नाही. त्याला राग दिसतही नव्हता. तो म्हणाला, "दाढ लय ठणकतीया, चहा पिऊ."

दिवस चौथा

अक्काला फोन केला, मामानेच करायला लावला. ती म्हणाली, कुठं कुठं फिरताय, सिव्हिलला दाताचं खातं हाय की, मी येते. आणि खरंच आली, पदर खोचून, रांगेत पुढे घुसून नव्हे पण रांगेतल्या प्रत्येकाशी बोलत, म्हणजे तेच झालं म्हणा. केसपेपर काढला. मी या वेळी पेनला हात लावला नाही. मामा आत खुर्चीवर बसल्यावर स्वतःच म्हणाला, "मॅडम, मी एआरटीवर हाय." शिकाऊ वाटावी इतकी तरुण डॉक्टर, तिने हातमोजे घालता घालता विचारलं, "किती वर्षं?" "बावीस झाली." "अरे वा," म्हणाली, "आ करा." बस एवढंच. हातमोजे, मास्क, निर्जंतुक केलेली हत्यारं, जे प्रत्येक पेशंटला करायचं असतंच, तेवढंच. मशीन बिघडलं नाही. वीस मिनिटांत दाढ ट्रेमध्ये.

अक्का बाहेर मला म्हणाली, तुझ्या मामाने आज पैल्यांदा कुणाला आपणहून सांगितलं. मग मला पाठीत धपाटा घातला, का ते माहीत नाही, आणि निघून गेली. तिची स्वतःची तारीख तर परवाच होऊन गेलेली, ती फक्त यासाठी आलेली.

दुपारची विट्याची गाडी. पिशवीत तीन महिन्यांच्या तीन डब्या, कापूस भरलेल्या, दोन्ही बाजूंनी भडंग. तोंडात बोळा असल्यामुळे मामा बोलत नव्हता, मी मात्र बोलत राहिले, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करू, माझ्याकडे रहा पंधरा दिवस. पुणे लांब आहे ना, या मुद्द्यावर तो तयार झाला. कंडक्टर या वेळी दुसरा होता तरी मामाने फुल तिकीटच काढलं.

गावच्या फाट्यावर उतरलो तर पारावर नेहमीचे चौघं बसलेले. त्यातल्या एकाने हाक मारली, "काय पावणं, चार दिस सांगलीत काय करत व्हतासा?"

मामा दर तीन महिन्यांनी या प्रश्नाला भडंग असं उत्तर देतो. आज तो थांबला, पिशवी माझ्याकडे दिली, पाराजवळ गेला, बोळा काढून थुंकला आणि गाल बोटाने ओढून तोंड उघडून दाखवलं.

"दाढ काढली," म्हणाला. "सरकारी दवाखान्यात. बघ, बघ नीट."

चौघंही वाकून आत बघत होते.